लीडर आखूड झाला की

प्रश्न : हिमाचलातल्या तीर्थन नदीवर ट्राउट माशांसाठी नऊ फुटी ५एक्स लीडर (मुख्य दोरी आणि माशी यांच्यामधला, टोकाकडे निमुळता होणारा नायलॉनचा धागा; ५एक्स हे टोकाच्या जाडीचं माप) वापरतो. दोन दिवसांतच गळावर बांधलेली बनावट माशी पाण्यावर धपकन पडते. लीडर बदलू का?

उत्तर : मुळीच नको! दर वेळी माशी बदलताना लीडरच्या टोकाचा बारीक भाग, म्हणजे टिपेट, बोटभर कापला जातो आणि शेवटी माशीची गाठ जाड भागावर येते, म्हणून ती धपकन पडते. तिथे ६० सेंमी नवा ५एक्स (सुमारे ०.१५ मिमी) टिपेट जोडा. लीडर आणि टिपेट यांची टोकं १२ सेंमी शेजारी धरून फास करा, टिपेटचं लांब टोक आणि लीडरचं तोकडं टोक एकत्र दोनदा फासातून काढा, थुंकीने ओलं करा, मग चारही टोकं सावकाश ओढा. कोरडी गाठ आवळली तर घर्षणाने नायलॉन तापतं, तिथेच तुटतं. वाऱ्याने पडलेल्या बारीक गाठी नखाने चाचपून पाहा. गाठ सुटली नाही तर तेवढा भाग कापाच.