एकच वर्ष राहिलंय, आता कॉलेज बदलावं का?

तुझा प्रश्न असा आहे: बी.एस्सी.चं दुसरं वर्ष संपलं, प्रॅक्टिकल धड होत नाहीत, कोल्हापुरातल्याच दुसऱ्या कॉलेजात किंवा पुण्याला जावंसं वाटतंय, आणि घरचे म्हणतात, "एकच वर्ष राहिलंय, काढ कसंतरी."

हे "काढ कसंतरी" वाचलं आणि लिहायलाच बसले. २००९ साली आमच्या सोप्यात बसून थोरल्या काकांनी मला हेच शब्द ऐकवले होते.

मी राधानगरी भागातली. जवळच्याच एका कॉलेजात दोन वर्षं केली. प्रॅक्टिकलला पाच जणांत एक ब्यूरेट, म्हणजे थेंब थेंब सोडायची मापाची काचनळी, खाली कॉक म्हणजे तोटी असलेली. ती कायम पोरांच्या हातात, आम्ही पोरी शेजारी उभ्या राहून वहीत रीडिंग लिहायचो. सर तासिका तत्त्वावर होते. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीला गेले ते परत आलेच नाहीत, आणि त्यांच्या जागी फेब्रुवारीपर्यंत कोणी आलं नाही. जर्नल मात्र सगळ्यांचं पूर्ण. आदल्या वर्षीच्या पोरींचं उतरवून काढायचं, सही मिळायची. मी फर्स्ट क्लासमध्ये पास झाले, आणि तोवर ब्यूरेटचा कॉक एकदाही फिरवला नव्हता.

टीसी मागायला गेले तर खिडकीतून उत्तर आलं, "तिसऱ्या वर्षाला कोण सोडतं गं? वडिलांना घेऊन ये." भाताची लावण सोडून आबा आले. मग नो ड्यूजच्या सह्या: लायब्ररी, जिमखाना, लॅब. लॅबमध्ये एक फुटलेली पिपेट माझ्या नावावर लावली होती. मी फोडलेली नव्हती, तरी पैसे भरले. चार खेपा झाल्या. चौथ्या खेपेला टीसी घेऊन घरी आले तेव्हा काका बसलेलेच होते. म्हणाले, "धरसोड हाय ही. आज कॉलेज सोडलीस, उद्या सासर सोडशील." आबा काही बोलले नाहीत.

कोल्हापुरात राजारामपुरीत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्यानं घेऊन, राहिले. नव्या कॉलेजात पहिल्याच प्रॅक्टिकलला प्रत्येकासमोर स्वतःची ब्यूरेट. साधं आम्ल-अल्कलीचं टायट्रेशन, म्हणजे रंग बदलेपर्यंत एकात दुसरं थेंबाथेंबानं सोडून प्रमाण काढायचं, फर्स्ट इयरच्या पोरांना येतं ते. डाव्या हातात कॉक, उजव्या हातात फ्लास्क. माझा डावा हात थरथरत होता. एकदम धार सुटली आणि फ्लास्क गडद गुलाबी झाला. एंड पॉइंट, म्हणजे रंग जेमतेम बदलतो तो नेमका थेंब, हुकला. बाकीच्यांची रीडिंगं झाली होती. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ओत. धू. परत कर." दुसऱ्यांदाही गेलं. पाचव्या वेळी एका थेंबानं तो फिकट गुलाबी रंग आला आणि फ्लास्क हलवला तरी टिकला. सहाव्याचं रीडिंग पाचव्याशी जुळलं. लॅब रिकामी झाली होती, मॅडम थांबल्या होत्या.

आज मी एका दूध डेअरीच्या लॅबमध्ये आहे. टँकर आला की दुधाची आम्लता आम्ही त्याच पद्धतीनं काढतो, सोडियम हायड्रॉक्साइड आणि फिनॉल्फ्थॅलिन. मुलाखतीत मला हेच करून दाखवायला लावलं होतं. कुठल्या कॉलेजच्या हे कुणी विचारलं नाही, कारण डिग्रीवर नाव शिवाजी विद्यापीठाचं. कॉलेज राधानगरीचं असो की कोल्हापूरचं, विद्यापीठ तेच. म्हणून नावासाठी बदलणार असशील तर अजिबात बदलू नकोस. हाताला काम मिळावं म्हणून बदलणार असशील तर शेवटच्या वर्षालाही बदल.

काका अजून लग्नाकार्यात "हिनं दोन कॉलेजं केली" असं सांगतात. त्यांना शाहू महाराजांचा फार अभिमान, घरात फोटो आहे. १९०१ साली महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं ते कशासाठी? खेड्यातल्या पोरांनी जिथं शिकायला मिळतं तिथं येऊन राहावं म्हणूनच ना? मग मी वेगळं काय केलं? हे मी त्यांना तोंडावर कधी विचारलं नाही. इथं विचारते.

आता नियमाचं. माझ्या वेळी क्रेडिटं, म्हणजे प्रत्येक विषय पूर्ण केल्यावर जमा होणारे अभ्यासाचे एकक, नव्हती. तुझं कोल्हापुरातल्या कोल्हापुरात असेल तर विद्यापीठ एकच, मागचे गुण तसेच पुढे जातात. फक्त दोन्हीकडे विषय तेच आहेत ना ते बघ, आणि एखादं कॉलेज स्वायत्त असेल तर अभ्यासक्रम वेगळा असतो. एटीकेटी, म्हणजे मागचा राहिलेला विषय, असेल तर आधी ती सोडव. पुण्याचं मात्र अवघड आहे, तिथं विद्यापीठच वेगळं. मायग्रेशन आणि पात्रता प्रमाणपत्र तर लागतीलच, शिवाय क्रेडिट बँकेच्या (मिळवलेली क्रेडिटं जमा ठेवायची सोय) २०२१ च्या यूजीसी नियमांत, पदवी देणाऱ्या संस्थेतून निदान निम्मी क्रेडिटं मिळवलेली असावीत, अशी अट आहे. तीन वर्षांच्या किमान १२० क्रेडिटांतली साधारण ८० तुझी झाली, उरली ४०. ती निम्मी होत नाहीत. चार वर्षांचं ऑनर्स करणार असशील तर किमान १६० पैकी साधारण ८० उरतात, तिथं हिशेब जेमतेम बसतो. घरी पुण्याचा विषय काढण्याआधी तिथल्या विद्यापीठाच्या पात्रता विभागात विचारून घे.

आणि एक गोष्ट मी वर सांगितली नाही. कॉलेज बदललं त्या वर्षीच्या दिवाळीला घरी गेले तर गोठ्यात एक खुंटा मोकळा होता. दुभती म्हैस विकून आबांनी माझी फी आणि कॉटचं भाडं भरलं होतं. मी उशिरा प्रवेश घेतल्यानं त्या वर्षीची फी-सवलतही हुकली होती. काकांचा खरा राग त्या म्हशीवरून आहे, आणि तेवढ्यापुरतं त्यांचं चुकलं नाही. पैसे कुठून येणार हे मी आबांना विचारलंच नव्हतं. तू विचार. फॉर्म भरायच्या आधी विचार.

टीसी काढण्याआधी नव्या कॉलेजकडून जागा आहे असं लेखी घे, कारण टीसी निघाली की जुन्या जागेवर परत घेतीलच असं नाही. आणि एखाद्या मंगळवारी-बुधवारी दुपारी त्या कॉलेजच्या लॅबच्या दारात जाऊन उभी राहा. एका ब्यूरेटवर किती जण आहेत ते मोज.