पहिलं सिझर झालंय, दुसऱ्या वेळी नॉर्मल डिलिव्हरी होऊ शकते का?

बऱ्याचदा होते. एकाच सिझरनंतर नॉर्मलचा प्रयत्न करणाऱ्या बायकांपैकी साधारण ६० ते ८० टक्के जणींना ती जमते. त्याआधी किंवा नंतर कधी एखादी नॉर्मल झाली असेल, तर शक्यता आणखी वाढते.

पण आधी जुनं डिस्चार्ज कार्ड शोधा. पोटावरचा आडवा व्रण बघून काही कळत नाही. प्रश्न गर्भपिशवीवरच्या छेदाचा आहे. तो खाली आडवा असेल तर प्रयत्न करता येतो, वर उभा असेल तर सिझरच. सिझर कशासाठी केलं होतं तेही बघा. बाळ पायाळू होतं म्हणून झालं असेल तर यावेळी तेच कारण असेलच असं नाही.

खरी भीती जुना टाका उसवण्याची. कळा आपणहून आल्या तर हे साधारण २०० पैकी एकीला होतं. औषधाने कळा आणल्या तर धोका वाढतो. दोन बाळंतपणांत दीड वर्षापेक्षा कमी अंतर असेल तरीही. टाका उसवला तर मात्र मिनिटांचा खेळ असतो. म्हणून घरी किंवा छोट्या प्रसूतिगृहात हा हट्ट नको. भूलतज्ज्ञ, रक्त आणि ऑपरेशन थिएटर रात्री दोनलाही तयार असेल का, हे थेट विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर दवाखाना बदला, आणि तेही नववा लागायच्या आत.

सासूबाईंचं 'आमच्या वेळी नव्हतं असलं काही' हे प्रेमाने ऐकून सोडून द्या.