टोमॅटो नसले तरी केचप होतंय की

अगं, घरात ताजे टोमॅटो नाहीत, मग केचप कसं करू म्हणतेस? एवढं घाबरायसारखं काय नाही त्यात. टोमॅटो प्युरीचं 200 ग्रॅमचं पाकीट घे, जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात ओत, दोन मोठे चमचे किसलेला गूळ, अर्धा छोटा चमचा मीठ, लसणाच्या दोन पाकळ्या एकदम बारीक वाटून, एक लवंग आणि दालचिनीचा लहानसा तुकडा टाक आणि मंद गॅसवर 12-15 मिनिटं हलवत बस. लोखंडी कढई नको, आंबटानं चव बिघडते.

गुळानं केचप जरा काळपट होतंय, म्हणून अर्धा चमचा ब्याडगी मिरचीचं तिखट घाल. रंग लालभडक येतोय आणि झोंबत नाही. संकेश्वरी मात्र नको गं, ती तिखट, पोरं तोंडाला लावणार नाहीत.

आता खरं महत्त्वाचं बघ, व्हिनेगर. सगळं सुरुवातीलाच ओतलं तर उकळताना त्याचा आंबटपणा वाफेबरोबर बराच उडून जातो आणि मग केचप नुसतं गोड लागतंय, माझं पहिल्या दोन वेळा असंच झालं. दीड मोठा चमचा घे, अर्धं आधी, अर्धं गॅस बंद करताना. चिंचेचा कोळ घातलास तर चांगलंच लागेल, पण ती चटणी झाली, केचप नाही.

झालं की नाही कसं कळणार? थंड ताटलीत थेंब टाक, कडेनं पाणी सुटलं तर अजून आटव. गार झाल्यावर आणखी दाटतंय, तेव्हा जरा पातळ असतानाच उतरव. लवंग-दालचिनी काढून काचेच्या कोरड्या बरणीत भर, फ्रिजमध्ये दोन आठवड्यांत संपव.