हुक कुठे अडकवतोस, दाखव

प्रश्न : इंदूरला बायपासजवळ नऊमजली इमारतीच्या साइटवर मी सुपरवायझर आहे. दर सोमवारी सुरक्षेची बैठक घेतो. मजूर बहुतेक झाबुआ-अलीराजपूरचे. मान डोलावतात, रजिस्टरवर अंगठा देतात आणि तासाभरात सुरक्षेचा बेल्ट खुंटीला! त्यांचा सहभाग कसा मिळवू? सूचनापेटी लावू का? की बिनअपघाती महिन्याला बक्षीस ठेवू?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : सूचनापेटीचा नाद सोडा. अंगठा देणारा माणूस चिठ्ठी कुठून टाकणार? त्यांची घरची बोली भिली. तुमची हिंदी त्यांना कळते हो, पण त्या हिंदीत चारचौघांसमोर साहेबाकडे तक्रार करायची, तीही ठेकेदार बाजूला उभा असताना? कोणी तोंड उघडणार नाही. मीसुद्धा उघडलं नसतं.

बैठक दहा मिनिटांत आटपा आणि वर जा, जिथे सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालच्या साच्याचं काम, चाललंय तिथे. बेल्ट न घालणाऱ्यावर ओरडू नका. एवढंच म्हणा, "हुक कुठे अडकवतोस, दाखव." इंदुरातल्या साइटवर माझी उमेद गेली, या प्रश्नावर माणूस बहुधा इकडेतिकडे बघतो, कारण अडकवायला काही नसतंच. स्लॅबच्या कडेला ना दोर, ना पक्का आधार. मग ज्या बल्लीवर, म्हणजे लाकडी वाशावर, पाय, तिलाच तो हुक लावतो. बल्ली निसटली की बेल्टसकट माणूस खाली. कॉलमपासून कॉलमपर्यंत लाइफलाइन, म्हणजे हुक अडकवायचा दोर, ताणून घ्या. भार इंजिनिअर तपासेल, पण ती कोणत्या बाजूने नेली तर हाताआड येणार नाही, हे त्या सेंट्रिंगवाल्यालाच विचारा.

खरी मेख पैशाची आहे. सेंट्रिंगची टोळी फुटाच्या भावाने काम करते. हुक काढ-लाव करण्यात गेलेला वेळ तिच्याच खिशातून जातो, आणि आपण त्याला निष्काळजीपणा म्हणतो. धोका दिसला म्हणून काम थांबवलं, तर तेवढ्या वेळाची मजुरी कापणार नाही, हे मालकाच्या तोंडून ठेकेदारासमोर वदवून घ्या. मालक टाळाटाळ करील. पिच्छा सोडू नका.

रॅम्पवरून दिवसभर घमेली वाहणाऱ्या बायकांना तर कोणी विचारतच नाही. कोणती फळी डुगडुगते, लिफ्टच्या डक्टपुढची आडवी बल्ली रात्री चुलीत गेली का, हे त्यांना आधी कळतं. चारी खणणाऱ्यांचंही तेच. आपली माळव्याची काळी माती उन्हात तडकते, पाण्याने फुगते. पाऊस पडून गेल्यावर कोणत्या बाजूची माती सुटतेय, ते आत उतरणाऱ्याला दिसतं. दीड मीटरपेक्षा खोल चारीला आधार द्यायचाच, त्यात विचारण्यासारखं काही नाही. विचारायचं ते याच्यापुढचं.

आणि सांगितलेलं त्याच संध्याकाळी दुरुस्त करा. डुगडुगत्या फळीला खिळा ठोकायला कितीसा वेळ लागतो? ती दुसऱ्या दिवशीही तशीच दिसली, तर ती बाई पुन्हा सांगायला येणार नाही. तिचं नाव मात्र तिला विचारल्याशिवाय बैठकीत घेऊ नका, ठेकेदाराचा राग तिच्यावर निघतो.

बिनअपघाती महिन्याचं बक्षीस नकोच. पैसे जातील म्हणून माणूस कापलेल्या बोटाला फडकं बांधून हात खिशात घालतो. थोडक्यात टळलेला अपघात जो येऊन सांगेल, त्याला शंभराची नोट द्या.

समितीचं म्हणाल, तर 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यात पाचशे किंवा जास्त मजुरांच्या साइटवर सुरक्षा समिती सक्तीची होती आणि तीत मजुरांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी चालत नसत. तो कायदा कामाच्या जागच्या सुरक्षेच्या 2020 च्या संहितेत सामावला गेला. तुमच्याकडे तेवढी माणसं नसली, तरी निम्मी समिती मजुरांची ठेवायला कोणाची ना नाही. फक्त मुकादमाला मजूर म्हणून त्यात घुसवू नका.

होळीच्या तोंडावर भगोरियासाठी, म्हणजे त्यांच्या आदिवासी जत्रेसाठी, टोळ्या गावी जातील. परततील तेव्हा त्यांच्यात नवी पोरं असतील. त्यांना पहिल्या दिवशी साइट तुम्ही दाखवू नका. जुना मजूर त्यांच्या बोलीत दाखवील. त्या वेळेची हजेरी त्याला लावा.