डॉल्फिन रबरी निघाला, पण तो समुद्रघोडा?

दारव्हा तालुक्यातल्या एका शेतकरी वाचकाचं पत्र आहे. सोयाबीनचे पैसे हातात आले म्हणून सुट्टीत घरची आणि बहिणीकडची मिळून ११ माणसं क्रुझर करून अमरावतीला गेली. तिथल्या एका मैदानावर महिनाभरासाठी समुद्री जिवांचं प्रदर्शन लागलं आहे. मोबाइलवर जाहिरात आली होती, ‘लाइव्ह डॉल्फिन शो, समुद्री सिंह, काचेच्या बोगद्यातून सफर’. माणशी ४५० प्रमाणे ४,९५० रुपये ऑनलाइन भरले. आत गेल्यावर डॉल्फिन निघाला रबराचा, मोटरवर वरखाली होणारा. समुद्री सिंह फायबरचा, फोटो काढण्यापुरता. बोगद्यात गोल्डफिश. आणि माशांना हात लावायच्या हौदापाशी ओल्या प्लायवर सहा वर्षांची भाची घसरली, तिचं मनगट मोडलं. पैसे परत मागितले तर तिकिटाची मागची बाजू पुढे केली: ‘तिकीट परत घेतलं जाणार नाही. इजा झाल्यास आयोजक जबाबदार नाहीत.’

“लेकरायनं समुद्र पाह्यला नाही साहेब, म्हटलं डॉल्फिन तरी दाखवू,” असं त्यांनी लिहिलं आहे. विचारलं आहे ते इतकंच: केस होते काय, अमरावतीच्या चकरा माराव्या लागतील काय, आणि आधी पोलिसात जावं काय.

भाऊ, केस होते. पण मी तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करतो. तुम्ही ती सहज लिहिली, मी मात्र ती वाचून चष्मा पुसला. तिथल्याच स्टॉलवरून वहिनींनी १२० रुपयांना वाळवलेला समुद्रघोडा घेतला, तो टीव्हीवर ठेवला आहे, आणि ‘तोही पुरावा म्हणून जोडू काय’ असं तुम्ही विचारता. जोडू नका. समुद्रघोडा २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे. वाळलेला असला तरी तो बाळगणं आणि विकणं हा गुन्हा आहे, अन् वहिनींना माहीत नव्हतं म्हणून तो गुन्हा राहत नाही असं होत नाही. प्लास्टिकचा असेल तर प्रश्नच मिटला, पण ते तुम्ही-आम्ही टीव्हीपाशी उभं राहून ठरवायचं नाही.

अशी वस्तू हातात आली तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन खात्याच्या अधिकाऱ्याला कळवायचं, असं याच कायद्याच्या कलम ३९ मध्ये आहे. तुमचे ४८ तास कधीच उलटले. तरी स्वतःहून जाणं आणि कुणीतरी येऊन नेणं यात फार फरक असतो. नाल्यात फेकू नका, चुलीत घालू नका, फोटो काढून गावच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. दारव्ह्यातला ओळखीचा वकील सोबत घ्या, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा, कुठून, कधी आणि कितीला घेतला ते लिहून अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जावर सही वकिलाने वाचल्यावरच करायची. ती १२० रुपयांची पावती मात्र जपून ठेवा. विकणारा कोण, हे सांगणारा तोच कागद आहे.

आता डॉल्फिन.

तुमची बाजू तुम्हाला वाटते त्याहून भक्कम आहे. भारतात डॉल्फिनचे खेळ होऊच शकत नाहीत. १९९८ साली चेन्नईजवळच्या एका पार्कने बल्गेरियातून डॉल्फिन आणले होते, ते काही महिन्यांत मेले. पुढे केरळात आणि आणखी एकदोन ठिकाणी असे पार्क काढायचे बेत झाले, तेव्हा १७ मे २०१३ ला केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने परिपत्रक काढून राज्यांना कळवलं की डॉल्फिनेरियमला परवानगी द्यायची नाही. म्हणजे ‘लाइव्ह डॉल्फिन शो’ हे शब्द छापले त्या दिवशीच छापणाऱ्याला ठाऊक असायला हवं होतं की असा शो देता येणार नाही. ‘त्या दिवशी प्राणी आजारी होता’ ही सबब इथे चालत नाही. प्राणी नव्हताच, असूही शकत नव्हता.

समोरचा वकील काय म्हणेल तेही सांगून ठेवतो. तो म्हणेल, ‘लाइव्ह’ म्हणजे शो लाइव्ह, डॉल्फिन नव्हे. (मी त्यांचा वकील असतो तर मीही हेच म्हटलं असतं.) म्हणून जाहिरातीचा स्क्रीनशॉट सगळ्यात महत्त्वाचा. त्यात उडी मारणाऱ्या खऱ्या डॉल्फिनचं चित्र असेल तर शब्दांची कसरत फार टिकत नाही. प्रदर्शनाचे आठ दिवस अजून उरले आहेत ना? मग उद्याच कुणाला तरी पाठवा. गेटवरच्या फ्लेक्सचा, तिकीट खिडकीचा आणि त्या ओल्या प्लायचा फोटो घ्या. तंबू उठला की मैदानावर फक्त खड्डे राहतात. स्क्रीनशॉट आणि फोटो जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र (हे कुठल्या फोनमधून घेतलं याचं सहीनिशी लेखी निवेदन) जोडलेलं बरं, त्यासाठी ज्या फोनमधून ते घेतले तो फोन विकू नका.

अमरावतीच्या चकरांचं म्हणाल तर नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये झालेली सगळ्यात कामाची सुधारणा हीच आहे असं मी मानतो. कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. तुमचा आयोग यवतमाळचा. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. इथे मोजतात ती तुम्ही भरलेली रक्कम, मागितलेली भरपाई नाही, आणि तुम्ही भरले ४,९५०. मुदत घटनेपासून २ वर्षं. वकील लावलाच पाहिजे असंही नाही, तक्रार स्वतः मांडता येते.

तिकिटामागच्या त्या दोन ओळींना भिऊ नका. बारीक अक्षरात छापलं म्हणून निष्काळजीपणा माफ होत नाही. उलट, सेवा सदोष असताना पैसे परत करायला नकार देणं ही कलम २(४७) खाली अनुचित व्यापार प्रथा आहे. पण मांडणीत एक खोच आहे. तक्रारीत ‘हा करारच अन्यायकारक’ असं लिहू नका, कारण अन्यायकारक कराराच्या तक्रारी जिल्हा आयोगाकडे चालत नाहीत, राज्य आयोगाकडे जातात. तेवढ्या एका शब्दावरून समोरचा वर्षभर हुज्जत घालेल. तुम्ही ‘सेवेतली त्रुटी’, ‘दिशाभूल करणारी जाहिरात’ आणि ‘अनुचित व्यापार प्रथा’ एवढ्यावरच राहा.

खरी अडचण वेगळीच आहे. कायद्याने तुम्ही जिंकाल, पण वसूल कुणाकडून करायचं? अशी प्रदर्शनं आज अमरावती, उद्या अकोला, परवा दुसऱ्या राज्यात. तिकीट उजेडात धरून पाहा, तळाशी पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक असेल. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. तो क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते निघतं. यूपीआयच्या पावतीवर पैसे कुणाला गेले तेही नाव उतरवून घ्या. दोन नावं वेगळी निघाली तर दोघांनाही सामनेवाले करा, म्हणजे तक्रार दोघांविरुद्ध लिहा. शिवाय मैदानाची परवानगी कुणाच्या नावे दिली, त्यासाठी महानगरपालिकेत १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका. नाव-पत्ता पक्का झाला की स्पीड पोस्टने नोटीस, १५ दिवसांची मुदत, मग तक्रार.

पोलिसांत आधी जाऊ नका, हे माझं मत. फसवणुकीच्या गुन्ह्यात सुरुवातीपासूनचा लबाडीचा हेतू दाखवावा लागतो. तो इथे आहे असं मला वाटतं, पण ठाण्यात ‘हे दिवाणी आहे, ग्राहक मंचात जा’ एवढंच ऐकून परत याल, आणि तोवर तंबू गेलेला असेल.

भाचीचं. तिकीट तुमच्या फोनवरून काढलं म्हणून ती ग्राहक नाही, असं समोरचे म्हणतील. चूक आहे. तुमच्या पैशाने तुमच्या संमतीने सेवा घेणाराही ग्राहकच. फक्त तिच्या वतीने तिचे आई-वडील तक्रारदार हवेत, तेव्हा जावईबापूंची सही लागेल. ते ‘जाऊ द्या, कशाला लफडं’ म्हणत आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्यांना सांगा की गाडीभाडं आणि तिकिटाचं तुमचं तुम्ही लढाल, पण हाताचं त्यांच्याशिवाय अडेल.

मागायचं किती? मला दहा लाख लिहून आणणारे लोक भेटतात, त्यांच्या तक्रारी आयोग पहिल्याच तारखेला संशयाने वाचतो. तिकिटं, क्रुझरचं भाडं, दवाखाना, त्रासाबद्दल हिशोबात बसेल अशी एक रक्कम आणि तक्रारीचा खर्च, इतकंच लिहा. दवाखान्याच्या केस पेपरवर ‘घरी पडली’ असं तर नाही ना, तेवढं आजच पाहा. घाईत डॉक्टरांना कुणी काय सांगितलं ते कुणालाच आठवत नसतं, आणि कागदावर मात्र तेच राहतं. तसं लिहिलं असेल तर प्लास्टर काढायला जाल त्या दिवशी डॉक्टरांना घटना नीट सांगा, नवीन नोंद करायला लावा. एक्स-रेची फिल्म गुंडाळून कपाटावर टाकू नका, सपाट ठेवा.