वाचकांचे प्रश्न: खाणीला पाणी कशासाठी?

प्रश्न : कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत आणलेलं पेशवेकालीन पाणी पिण्या-वापरण्यासाठी होतं. रोमन लोक मात्र सोन्याच्या खाणींसाठी डोंगरातून मैलोन्‌मैल पाट काढत, असं वाचलं. खाणीतून पाणी उपसायचं असतं, मग तिथे आणायचं कशाला? (एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे)

उत्तर : सोनं गाळात आणि मुरमात विखुरलेलं असेल, तर माती हलवायला पाण्याइतकं स्वस्त साधन नाही. स्पेनमधल्या लास मेदुलास इथे रोमनांनी अख्खे डोंगर असेच धुऊन काढले. त्या वाहून आलेल्या राड्यारोड्याने एक दरी अडली आणि तिथे कारुसेदो हे तळं तयार झालं. ते आजही आहे.

पण नुसत्या वाहत्या पाटाने डोंगर हलत नाही, पाणी साठवून एकदम सोडावं लागतं. प्लिनी या रोमन लेखकाने इसवी सन 77 च्या सुमारास खाणीच्या माथ्यावरच्या टाक्यांची मापंच लिहून ठेवली आहेत : लांबी-रुंदी प्रत्येकी 200 फूट, खोली 10 फूट, आणि प्रत्येकी सुमारे 3 फूट लांब-रुंद अशी पाच दारं. रोमन फूट साधारण 29.6 सेंटिमीटरचा. म्हणजे टाक्यात एक कोटी लीटरहून थोडं जास्त पाणी मावतं. समजा, पाटातून सेकंदाला 100 लीटर येत असेल, तर टाकं भरायला 29 तास लागतील. पाचही दारं एकदम उघडली, तर आमच्या हिशेबाने सुरुवातीला सेकंदाला 16,000 लीटरच्या आसपास पाणी सुटेल आणि टाकं वीसेक मिनिटांत रिकामं होईल. पातळी उतरते तसा जोर घटतो, त्यामुळे खरं काम पहिल्या काही मिनिटांतच होतं.

सगळी कसोटी पाटाच्या उतारावर लागते. उतार कमी पडला तर गाळ बसून पाट तुंबतो. जास्त झाला तर तळ खरवडला जातो आणि पाणी खाणीपाशी हव्या त्या उंचीवर पोहोचतच नाही. पातळी मोजायला 20 फूट लांबीचं कोरोबातेस नावाचं लाकडी बाक वापरत. त्याला ओळंबे टांगलेले असत. वाऱ्याने ते हलू लागले, की बाकावर कोरलेल्या पाच फुटी खाचेत पाणी भरून पातळी पाहायची, असं वित्रुवियस हा रोमन वास्तुकार सांगतो. कड्यांवर ही मोजणी करणारी माणसं दोराला लटकून काम करत, ही नोंद प्लिनीची.

कात्रजची नळवाट बंदिस्त आहे आणि तिला ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे हवेचे झरोके आहेत. खाणीचे पाट बहुतेक उघडे असत. तरी गढूळ पाणी खाणीलाही चालत नसे. चिखलाने धुलाई बिघडते, म्हणून पाट गारगोटी आणि खड्यांच्या जमिनीतून न्यावा, असं प्लिनी बजावतो. धुतलेला मुरूम पायऱ्यापायऱ्यांच्या चरांतून सोडत. चरांच्या तळाशी रोजमेरीसारखं दिसणारं, खरखरीत काटेरी झुडूप अंथरलेलं असे आणि सोन्याचे कण त्यात अडकत. पुढे ते झुडूप वाळवून जाळायचं आणि राख गवताळ ढेपांवर धुवायची, म्हणजे सोनं खाली बसतं.

प्रश्न : कातळात खोदलेली चारी रोमनच आहे हे कसं ओळखतात? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : एकटी चारी पाहून नाही ओळखता येत. पाट, टाकं, खोदकाम आणि खाली पडलेला राडारोडा ही चारही एकत्र वाचावी लागतात. आधी ठरावीक अंतरावर पातळ्या घ्यायच्या आणि उतार सलग आहे ना, चारी खरंच टाक्याला मिळते ना, हे पाहायचं. मग कोण कोणाला कापतं ते तपासायचं. उघड्या खाणीने चारी तोडली असेल, तर तिथलं खोदकाम चारीनंतरचं. शेवटी टाक्यातल्या गाळात छोटा खड्डा घेऊन खापरं आणि कोळसा थराप्रमाणे वेगळा ठेवायचा, त्यांवरून त्या थराचा काळ ठरवता येतो.

फसगत होते ती इथेच. चारी वापरात असेपर्यंत साफ केली जाते, त्यामुळे तळचा गाळ खोदाईची नव्हे, तर शेवटच्या वापराची तारीख सांगतो. नंतर गुराख्यांनी चारीची पायवाट केली असेल, तर मूळ रुंदीही हाती लागत नाही. म्हणून एका नमुन्यावर निकाल देऊ नये.

प्रश्न : आणि खोल खाणीतलं पाणी कसं उपसत? (एक वाचक, सातारा रस्ता)

उत्तर : स्पेनमधल्याच रिओ तिंतोच्या खाणीत लाकडी रहाटचाकांच्या आठ जोड्या एकावर एक सापडल्या. सगळ्या मिळून पाणी सुमारे 30 मीटर वर चढवत, म्हणजे एका टप्प्याला पावणेचार मीटरच्या आसपास. चाकं माणसं पायांनी फिरवत. एक टप्पा थांबला, की खालच्याने चढवलेलं पाणी पुढे जायला जागाच उरत नाही. अशा एका चाकाचा भाग ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. वेल्समधल्या डोलाउकोथी या सोन्याच्या खाणीतही 1935 मध्ये उपसाचाकाचा तुकडा मिळाला. तिथे डोंगरावर पाट आणि टाकीही आहेत, म्हणजे एकाच खाणीत वरून पाणी आणणं आणि खालून काढणं, दोन्ही चालत होतं.