कॅसँड्रा या अनेक नोडवर (सर्व्हरवर) पसरलेल्या डेटाबेसमध्ये सेकंदाला ५००० रीड येत असतील तर प्रत्येक नोडच्या डिस्कवर किती लोड धरायचा?

तुमचं म्हणणं असं की ६ नोड आहेत, रेप्लिकेशन फॅक्टर ३ (म्हणजे डेटाच्या तीन प्रती, रेप्लिका), तर ५००० भागिले ६ म्हणजे नोडमागे साधारण ८३३ रीड धरू का. नका धरू, मधले सगळे गुणाकार राहिलेत.

क्वोरमने, म्हणजे निम्म्याहून जास्त रेप्लिकांकडून उत्तर घेऊन, वाचत असाल तर एक क्वेरी २ रेप्लिकांवर जाते. दुसरीकडून नुसता डायजेस्ट (डेटाचा छोटा हॅश) येतो म्हणून तो फुकटात पडतो असं खूप जणांना वाटतं, पण हॅश काढायला त्या नोडलाही डेटा वाचावाच लागतो, बचत होते ती फक्त नेटवर्कची. झाले १०,०००. पुढे, सारखे अपडेट येत असतील तर एकच पार्टिशन (एका कीचा डेटा) तीन-चार एसएसटेबलांत (डिस्कवरच्या डेटा फाइलींत) विखुरलेलं असतं, आणि ब्लूम फिल्टर (फाइलीत ती की नाही हे आधीच सांगणारी रचना) फक्त ती की नसलेल्या फाइली टाळतो, असलेल्या उघडाव्याच लागतात. हा आकडा मनाने धरू नका, कॅसँड्राची नोडटूल टेबलहिस्टोग्राम्स ही कमांड चालवा आणि एसएसटेबल्सचा कॉलम बघा (एकूण लोडसाठी मीडियनच्या आसपासचा, लेटन्सीसाठी ९५ पर्सेंटाइलचा). समजा ३ आला, तर ३०,०००, तेही की कॅश (फाइलीत की कुठे आहे ते रॅममध्ये ठेवणारी) प्रत्येक वेळी हिट होते असं धरून, नाहीतर इंडेक्सचे रीड वेगळेच.

आता पेज कॅशमुळे (लिनक्स वाचलेला डेटा रॅममध्ये ठेवतं त्यामुळे) ८० टक्के रॅममधूनच सुटले तर डिस्कवर उरले ६०००, नोडमागे १०००. तुमच्या ८३३ च्या जवळ आलं खरं पण तो निव्वळ योगायोग आहे हं, कारण हिट रेट ८० चा ६० झाला की तेच २००० होतात, आणि नोड रीस्टार्ट केला किंवा मोठं कॉम्पॅक्शन (एसएसटेबलं एकत्र करणं) चालू झालं की तो घसरतोच. म्हणून प्लॅनिंग ६० टक्के हिट रेट धरून करा.

आणि नुसते आयओपीएस (डिस्कवर सेकंदाला होणारे रीड-राइट) मोजून थांबू नका! ३०० बाइटची रो हवी असली तरी कॉम्प्रेशनचा अख्खा चंक (एकत्र कॉम्प्रेस केलेला तुकडा) उचलावा लागतो, कॅसँड्रा ४.० पासून डिफॉल्ट १६ केबी आहे, त्याआधी ६४ होता, आणि जुनी टेबलं अपग्रेडनंतरही ६४ वरच राहतात. वर लिनक्सचा रीड-अहेड (पुढचा डेटा आधीच वाचून ठेवणं) १२८ केबी तसाच ठेवलेला असेल तर २००० रीडचे सेकंदाला २५० एमबी होऊ शकतात. एडब्ल्यूएसच्या (अमेझॉनच्या क्लाउडच्या) जीपी३ व्हॉल्यूमला, म्हणजे क्लाउडमधल्या डिस्कला, बेसमध्ये ३००० आयओपीएस आणि सेकंदाला १२५ एमबी थ्रूपुट मिळतं, म्हणजे आयओपीएस शिल्लक आणि डिस्क मात्र गुदमरलेली. आयओस्टॅट या लिनक्स कमांडमध्ये रीडचा सरासरी साइझ चंकपेक्षा बराच मोठा दिसला तर आधी रीड-अहेड कमी करा, नोड वाढवायचं नंतर बघू.